तुम्ही विचारलंत म्हणून: ही डॉज की प्लायमाउथ?

गाडी घेऊन कुठंही गेलो, अगदी पेट्रोल पंपावर, तरी एक तरी काका येतातच, बॉनेटवर हात ठेवून विचारतात, "ही डॉज ना? मग आमच्याकडे प्लायमाउथ होती ती डिट्टो अशीच कशी?" काका, ती हीच होती.

आमची १९५२ची डॉज किंग्जवे, बाबांची. नाव डॉजचं, बॉडी प्लायमाउथची. क्रायस्लर कंपनीची उतरंड अशी की सगळ्यात स्वस्त प्लायमाउथ, मग डॉज, मग डिसोटो, वर क्रायस्लर. पण अमेरिकेबाहेरच्या डॉजच्या डीलरला पण स्वस्त गाडी विकायला हवीच ना, मग काय, प्लायमाउथलाच डॉजचं तोंड लावून दिलं. डिसोटोवाल्यांना तीच गाडी डिप्लोमॅट म्हणून. अमेरिकेतली खरी डॉज, म्हणजे कोरोनेट, तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, १२३.५ इंच, किंग्जवेचा ११८.५, प्लायमाउथएवढाच. टेप लावून मोजलाय मी.

पण माझी खात्री टेपनं नाही, दरवाजानं झाली. लहान होतो, मागचा डावा दरवाजा एका ट्रकनं असा चेपला की डेंटरनं हात जोडले. बाबांनी कुर्ल्याच्या भंगारातून प्लायमाउथचा हिरवा दरवाजा आणला, बिजागऱ्यांवर चढवला, ढकलला, टक्क. कुठं घासायला नको की ठोकायला नको.

मग फरक कुठे, तर फक्त तोंडात. प्लायमाउथच्या नाकावर शिडाचं जहाज, डॉजच्या नाकावर मेंढा. डॉजची ग्रिल, म्हणजे पुढची जाळी, रुंद, आडवी, जरा ओठ मिटून बसल्यासारखी, आणि डिसोटोला जाड क्रोमचे उभे दात, तिकडे अमेरिकेत गाड्या मॉडिफाय करणारी पोरं हे दात काढून फोर्ड कंपनीच्या मर्क्युरी गाडीला वगैरे बसवायची. मला विचाराल तर दात त्या साध्या बॉडीला शोभत नाहीत, धोतरावर टाय घातल्यासारखं वाटतं. घरची गाडी म्हणून नाही, पण डॉजचंच तोंड बरं.

बॉडी मात्र तिघींची सारखीच उंच नि गुबगुबीत. कंपनीचे प्रमुख के. टी. केलर यांचा हट्ट, हॅट न काढता गाडीत बसता आलं पाहिजे. (आमच्या आजोबांची काळी टोपी कधी छताला लागली नाही, त्यामुळे केलरसाहेबांबद्दल माझी तक्रार नाही.) पुढे डिझायनर व्हर्जिल एक्सनर आले आणि १९५७ला सगळ्या घराण्याला मागे उंच पंख फुटले, तेव्हा कुठे मागूनही फरक कळायला लागला, डिसोटोच्या पंखात एकावर एक तीन गोल लाल दिवे, रात्री लांबूनच ओळखू येणार. पण १९६०च्या शेवटी डिसोटोच बंद झाली.

तर काका, अजून पटत नसेल तर मागचा डावा दरवाजा उघडा. बाहेरून काळा मारलाय, पण आतल्या कडेला हिरवा रंग आहे अजून.