हजेरीपटावर आहेत, पण संचमान्यतेत नाहीत

आमच्या शाळेतल्या गणित-विज्ञानाच्या बाई अतिरिक्त ठरल्या आहेत, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जास्त, म्हणून त्यांना दुसऱ्या शाळेत पाठवणार. मी ठाण्याला किसननगरमध्ये राहते, धाकटी सातवीत आहे, मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत. मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण हे दुखणं एकट्या आमच्या शाळेचं नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शाळेला किती शिक्षक द्यायचे हे दरवर्षी संचमान्यतेत ठरतं, आणि संचमान्यता ठरते पटावर. १५ मार्च २०२४च्या जीआरने तिचे निकष बदलले आणि छोट्या पटाच्या शाळांच्या मुळावरच घाव बसला. सहावी ते आठवीचा पट २०च्या खाली गेला की तिथे एकही पद मंजूर नाही. आमचा पट इतका खाली गेलेला नाही. पण एक पद टिकवायला जितकी मुलं लागत होती, त्यात चार कमी पडली आणि सेवाज्येष्ठतेत खाली असलेल्या बाईंचं नाव पुढे आलं.

ही चार मुलं कुठे गेली? कुठेच नाही, वर्गातच आहेत. मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते, जमा आणि शिल्लक जुळल्याशिवाय मला घरी जाववत नाही. म्हणून मुख्याध्यापकांकडून संचमान्यतेची प्रत घेतली आणि हजेरीपटाशेजारी ठेवून एकेक नाव लावून पाहिलं. सहावी ते आठवीची सात मुलं रोज शाळेत येतात, खिचडी खातात, चाचणीचे पेपर देतात, पण मोजणीत नाहीत. कारण त्यांचं आधार वैध झालेलं नाही, आणि पट धरताना आधार वैध असलेलीच मुलं धरली जातात.

समितीतल्या आम्ही तिघी संध्याकाळी या घरांमध्ये जाऊन आलो. एका मुलाच्या आधारवर इंग्रजी नावात एका अक्षराचा फरक. एका मुलीच्या आधारवर लिंगाच्या रकान्यात 'पुरुष' पडलेलं. दोन भावंडांचं कुटुंब परभणीकडचं, वडील नाक्यावर उभे राहून काम मिळवणारे. धाकट्याचा जन्म गावी घरीच झाला, जन्माची नोंदच नाही. ती नोंद आता करायची तर गावी जायचं, ग्रामपंचायत, तहसील असे हेलपाटे घालायचे, आणि नोंद हातात आल्यावर इथे आधार केंद्रावर नंबर लावायचा. जितके दिवस यात जातील तितक्या दिवसांचा रोज बुडणार. त्या मुलाची आई म्हणाली, "ताई, पोरगं रोज शाळेत जातंय, मास्तरांना दिसत नाय का?" मास्तरांना दिसतंय हो. मोजणाऱ्याला दिसत नाही.

मला सगळ्यात जास्त राग याचा आहे. ज्या घरांना सरकारी अनुदानाच्या शाळेशिवाय दुसरा आधार नाही, त्याच घरांची कागदपत्रं अर्धवट असतात. म्हणजे सगळ्यात गरजू मूल मोजायचं नाही आणि मग पट कमी म्हणून त्याचाच शिक्षक काढून घ्यायचा.

आता गणिताचे तास इतिहासाचे सर घेतात. सर मनापासून घेतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सातवीत बैजिक राशी सुरू होतात, पूर्णांकांचे गुणाकार-भागाकार येतात. मुलीने मला विचारलं, ऋण गुणिले ऋण धन का होतं? बाई हे संख्यारेषा काढून समजावायच्या. २००९चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक हवा. ही अट मुलांसाठी घातली आहे. वर्गात पंधरा मुलं असोत की चाळीस, बीजगणित तेवढंच असतं.

चित्रकला तर आधीच गेली. सर निवृत्त झाले, पद भरलं नाही. कला, क्रीडा आणि कार्यानुभवासाठी अंशकालीन निदेशक कायद्यात आहेत, पण सहावी ते आठवीचा पट १००च्या वर असेल तरच. म्हणजे छोट्या शाळेतल्या मुलाने चित्र काढायचं नाही. चित्रकलेच्या इंटरमिजिएट या सरकारी परीक्षेत अ श्रेणी मिळाली की दहावीला सात गुण वाढतात. ज्यांना परवडतं ते बाहेर क्लास लावतात. आमच्या वर्गातल्या किती जणांना परवडतं, हे मी घरोघरी जाऊन पाहिलंय.

५ डिसेंबर २०२५ला राज्यभर शिक्षकांनी शाळा बंद ठेवल्या, तेव्हा पालकांच्या ग्रुपवर बरीच गरमागरमी झाली. एका दादांनी लिहिलं, "त्यांच्या नोकऱ्यांचा प्रश्न आहे, आपण कशाला मध्ये पडायचं?" त्या बंदमध्ये टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, सक्ती नको अशी मागणीही होती. त्यावर पालकांची मतं वेगवेगळी असतील, असू देत. पण संचमान्यतेचा प्रश्न आपल्याच मुलांचा आहे. बाईंना दुसरीकडे पगार मिळेल. आपल्या मुलांना दुसऱ्या बाई मिळणार नाहीत.

मराठी शाळांचा पट खरोखरच घटतोय, हे मी नाकारत नाही. आमच्याच चाळीतली निम्मी मुलं इंग्रजी माध्यमात जातात. पण क्रम नीट पाहा. गणिताच्या बाई जाणार हे कळल्याबरोबर आमच्या वर्गातल्या दोन घरांनी दुसरीकडे चौकशी सुरू केली. ती मुलं गेली की पुढच्या वर्षी पट आणखी खाली, आणखी एक पद कमी, मग आणखी दोन घरं. शेवटी शाळा बंद करायला कोणाला आदेशही काढावा लागणार नाही. आणि मग आमच्या मुलांनी तीन हात नाक्याला हायवे ओलांडून स्टेशनच्या बाजूच्या शाळेत जायचं. तिथली सकाळची वाहतूक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मी वेगळं काय सांगू?

समितीने ठराव केला आहे. हजेरीपटावरचं प्रत्येक मूल पटात धरावं, आधार दुरुस्त झालेल्या मुलांसाठी संचमान्यता पुन्हा तपासावी, आणि तोपर्यंत, निदान वार्षिक परीक्षा होईपर्यंत तरी, बाईंना इथेच ठेवावं. शिक्षणाधिकाऱ्यांकडे दिला, पोच घेतली. उत्तर आलेलं नाही. अतिरिक्त शिक्षकांना दुसरी शाळा देतात त्या समायोजनात बाईंना शहापूर तालुक्यातली शाळा मिळाली आहे. आसनगावपर्यंत लोकल आणि पुढे मिळेल ते वाहन. आदेश हातात पडला की त्यांना जावंच लागेल.

सातपैकी तिघांचं आधार आता दुरुस्त झालंय. परभणीचं कुटुंब जन्मनोंदीसाठी गावी जाऊन येणार आहे, त्यांच्या भाड्याचे पैसे आम्ही काही पालकांनी जमवलेत.

कळवा, मुंब्रा, दिवा, लोकमान्यनगर, कुठल्याही भागातले पालक असाल, तर मुख्याध्यापकांकडे संचमान्यतेची प्रत मागा आणि हजेरीपटाशी ताडून पाहा. व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, हे कायद्यानेच आहे. तेव्हा मागायला बिचकू नका. फरक सापडला तर खाली कळवा. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही बसतोय, तुमच्या शाळेचे आकडेही याच मागण्यांना जोडू.