आमची वाटचाल : स्कूटर आणि घुमट

गोव्यात फोंड्याच्या वरच्या बाजारात आमचं लहानसं ऑफिस आहे. सुरुवात दुकानदारांना बिलिंग सॉफ्टवेअर करून देण्यापासून झाली. उधारी वसूल करताना नाकी नऊ यायचे, एरवी त्या काळाबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

पुढे दोन ॲप्स केली. एक रेंट-अ-बाईकवाल्यांसाठी, दुसरं पेटी आणि घुमट-आरत्या, म्हणजे घुमट या मातीच्या तालवाद्याच्या साथीने म्हटल्या जाणाऱ्या आरत्या, शिकवणारं. खरा गुंता इथे सुरू झाला. पर्यटक ॲपवरून स्कूटर ठरवतो, यूपीआयने भाडं भरतो. ज्या ॲपल-गूगलच्या ॲप स्टोअरवर आमची ॲप्स आहेत, त्यांना त्यातला छदामही जात नाही, कारण प्रत्यक्ष सेवेवर कमिशन नसतं. पण कुणी घुमटाचा रेकॉर्ड केलेला धडा २०० रुपयांना घेतला, की ३० रुपये कापलेच. तो 'डिजिटल' माल!

पूर्वी सरसकट ३० टक्के जायचे. लहान डेव्हलपरांसाठी ॲपलने जानेवारी २०२१ पासून आणि गूगलने त्याच वर्षी जुलैपासून दर १५ वर आणला, हे कबूल. दुबईतला गोंयकार तिथल्या कार्डाने आमचा धडा विकत घेतो, ती सोय आम्ही एकट्याने उभारूच शकलो नसतो. त्यामुळे कमिशनला आमचा विरोध नाही. रेघ कुठे ओढली आहे, त्याला आहे.

ॲपलचा नियम बघा. मास्तरांनी ऑनलाइन एकाच शिष्याला समोरासमोर शिकवलं, तर फी बाहेरून घेता येते. शिष्य दोन झाले, की पैसे ॲपलच्याच व्यवस्थेतून. आरती काय एकट्याने म्हणायची?

प्ले स्टोअरवर पैसे गूगलच्याच बिलिंगमधून घेण्याची सक्ती होती, त्यावरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला ९३६.४४ कोटींचा दंड ठोठावला. अपिलात मार्च २०२५ मध्ये तो २१६.६९ कोटींवर आला. दरम्यान भारतात पर्यायी बिलिंगची मुभा मिळाली, पण त्यात कमिशन फक्त ४ टक्क्यांनी कमी. म्हणजे १५ चे ११, वर पेमेंट गेटवेचा खर्च आणि हिशेबाची डोकेदुखी आपली. आमच्या सीएंनी कागदावर आकडे मांडले आणि हसून पेन खाली ठेवलं.

सध्या रेकॉर्ड केलेले धडे आहेत तसेच चालू आहेत. चवथीआधीची सामूहिक तालीम मात्र मास्तरांच्या घरच्या ओसरीवरच होते. नाव ॲपवर नोंदवायचं, फी तिथे गेल्यावर मास्तरांच्या हातात.