तुम्ही विचारलंत म्हणून: पर्समधल्या नंबर पॅडबद्दल

“पर्समध्ये हे कॅल्क्युलेटरसारखं काय घेऊन फिरतेस?” सीताबर्डी मेट्रो स्टेशनवर बॅग तपासणाऱ्या ताईंपासून माझ्या भाच्यापर्यंत सगळ्यांनी हे विचारून झालंय. ते कॅल्क्युलेटर नाही, यूएसबीला लावायचं नंबर पॅड आहे आणि त्यावर मी स्पॅनिशमधली खुणांची अक्षरं टाइप करते. एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न तयारच असतो: “पण त्याची काय गरज? फोनवर अक्षर दाबून धरलं की येतं ना!” येतं. मला माहीत आहे. इतक्या जणांनी इतक्या प्रेमानं हे शिकवलंय की एकदाच सविस्तर लिहून टाकते. स्पॅनिशच का आणि नागपुरात बसून त्याचं काम कुठून मिळतं, हे तुम्हाला पाठ आहे, ते सोडून देते.

लागतं काय, तर फार काही नाही. पाच स्वरांवर उजवीकडं झुकलेली रेघ, ‘ऊ’वर क्वचित दोन टिंबं, डोक्यावर नागमोडी असलेलं एन, म्हणजे एन्ये, आणि वाक्याच्या सुरुवातीला उलटं प्रश्नचिन्ह किंवा उलटं उद्गारचिन्ह. विंडोजवर ऑल्ट दाबून ठेवायचं, पॅडवर आकडा मारायचा, ऑल्ट सोडायचं. रेघेचा आ १६० (अक्षरांची नावं स्पॅनिश उच्चारानं), ई १६१, ओ १६२, ऊ १६३, एन्ये १६४, मोठं एन्ये १६५. ‘ए’ मात्र रांग सोडून १३०. हे आकडे १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीच्या अक्षरसंचातून चालत आलेत आणि त्यात ‘ए’ बसलाय फ्रेंच अक्षरांच्या गर्दीत. त्याच संचात रेघेचा मोठा ‘ए’ होता, पण मोठे आ, ई, ओ, ऊ नव्हतेच. त्यांच्यासाठी शून्यापासून सुरू होणारे लांब आकडे पाठ करावे लागतात: ०१९३, ०२०५, ०२११, ०२१८. (मोठ्या अक्षरांवर रेघ द्यायची नसते असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. स्पॅनिश अकादमी म्हणते, द्यायचीच.) आणि हे सगळं चालतं फक्त उजवीकडच्या आकड्यांवर, नम लॉक लावून. अक्षरांच्या वरच्या ओळीतले आकडे इथं कामाचे नाहीत. बहुतेक छोट्या लॅपटॉपना उजवीकडचे आकडे नसतात. म्हणून पॅड.

“अगं, लेआउट बदल ना!” म्हणजे कुठल्या कळीवर कुठलं अक्षर ही मांडणीच बदल, हेही ऐकलंय. इंटरनॅशनल लेआउट चांगलाच आहे. एकेरी अवतरणचिन्ह दाबून स्वर मारला की रेघेचा स्वर, लाटेची खूण दाबून एन मारला की एन्ये. पण मग ते अवतरणचिन्ह दाबल्यावर लगेच उमटत नाही, पुढच्या अक्षराची वाट बघत बसतं. इंग्रजी मजकुरात दुहेरी अवतरण उघडून लगेच स्वर आला की त्या स्वराच्याच डोक्यावर दोन टिंबं बसतात. धंतोलीतल्या एका ऑफिसात मी लेआउट बदलून काम केलं आणि परत पूर्ववत करायच्या आत मशीन हिशेबनीसांच्या ताब्यात गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन: “मॅडम, तुम्ही गेल्यापासून कीबोर्ड अडकून राहिला ना! दोनदा दाबलं की दोन उमटतात, एकदा दाबलं की काहीच नाही.” कीबोर्ड धडधाकट होता, पण हे फोनवर समजावताना माझा घसा कोरडा पडला.

अस्सल स्पॅनिश लेआउट घ्यावा तर एन्येला ‘एल’च्या शेजारी स्वतंत्र जागा मिळते, पण बाकीची चिन्हं घरं बदलतात. त्यात स्पेनचा आणि लॅटिन अमेरिकेचा लेआउट एक नाही. ईमेलमधलं ‘ॲट’ स्पेनमध्ये २ च्या कळीवर, तिकडं ‘क्यू’वर. दुसऱ्याच्या टेबलावर बसून हे खेळ करता येत नाहीत.

आता नोकरीसाठी दिलेल्या त्या टायपिंगच्या परीक्षेबद्दल, कारण शेवटी सगळे तिथंच येतात. परसोडीच्या आयटी पार्काकडचं एक ऑफिस, नाव घेत नाही. लॅटिन अमेरिकेतल्या विमा ग्राहकांची कागदपत्रं सिस्टिममध्ये चढवायचं काम होतं. मे महिना, तोंडाला स्कार्फ बांधून गाडीवर गेलेली मी, आणि आत एसी एवढा की बोटं आखडली. फोन बाहेर जमा. समोर छोटा लॅपटॉप, नंबर पॅड नाही. ब्राउझरमध्ये दोन चौकटी: डावीकडं स्पॅनिश मजकूर, उजवीकडं आपण टाइप करायचं. वर लाल अक्षरांत सूचना, कॉपी-पेस्ट करू नये.

आधी कीबोर्डची भाषा बदलायला गेले. सेटिंग्ज बंद करून ठेवलेल्या. वर्डमध्ये कंट्रोल आणि अवतरणचिन्ह दाबून स्वर मारला की रेघ येते, पण ती वर्डची घरगुती सोय, ब्राउझर तिला ओळखत नाही. हात वर केला. देखरेखीला असलेला मुलगा आला, पडद्याकडं बघून म्हणाला, “इंग्लिशच कीबोर्ड आहे जी मॅडम, त्याच्यावरच करा. समजून घेतील ते.” मी कामाला लागले.

मजकूर गाडीच्या अपघाताच्या दाव्याचा होता. ग्राहक आला, त्यानं सही केली, पैसे भरले, गाडी गॅरेजमध्ये सोडली. स्पॅनिशमध्ये ‘त्यानं भरले’ आणि ‘मी भरतो’ यांत कागदावर फरक असतो तो शेवटच्या ‘ओ’च्या डोक्यावरच्या रेघेचा. मराठीत लिहून दाखवायला गेले तर दोन्हीकडं ‘पागो’च दिसेल, कारण शब्दात जोर कुठं द्यायचा हे दाखवायची आपल्याला कधी गरजच पडली नाही. मी रेघेविना टाइप करत गेले आणि दाव्यातला माणूस बदलत गेला. ग्राहकानं केलेलं सगळं आता अहवाल लिहिणारा स्वतः करत होता: मी येतो, मी सही करतो, मी भरतो, मी गाडी सोडतो. डोळ्यांना दिसत होतं, बोटांपाशी उपाय नव्हता. एकदा अक्षरानंतर सुटी रेघ देऊन पाहिली. ती आणखी वाईट दिसली, पुसून टाकली. शेवटी सगळ्यात वर इंग्रजीत एक ओळ लिहिली की या मशीनवर खुणा देता येत नाहीत, तरी त्या गृहीत धराव्यात.

शेजारच्या मुलीचं माझ्या आधी झालं. तिच्या पडद्यावर रेघा जागच्या जागी. ती डाव्या चौकटीतून फक्त खुणेचं अक्षर उचलायची आणि उजवीकडं चिकटवायची, बाकीचं हातानं. लाल सूचना तिनंही वाचली असणारच.

तपासणारा माणूस नव्हता, सॉफ्टवेअर होतं. दोन मजकूर अक्षराला अक्षर लावून बघणारं. त्याच्या लेखी रेघेचा ‘ओ’ आणि बिनरेघेचा ‘ओ’ ही दोन निराळी अक्षरं, आणि त्याचं बरोबरच होतं. माझी वरची इंग्रजी ओळसुद्धा चुकांत धरली गेली, अख्खी. एचआरच्या बाईंनी कागद पुढं सरकवला. अचूकतेसमोर जो आकडा होता तो मी घरी सांगितला नाही, इथंही सांगणार नाही. मी समजावलं, पुन्हा समजावलं, मशीन दाखवते म्हटलं. बाई आवाज न चढवता म्हणाल्या, “पण बाकीच्यांना जमलं ना.” मी म्हटलं, त्यांनी कॉपी-पेस्ट केलं. वर्गातल्या मुलींची नावं बाईंना सांगणाऱ्या पोरीसारखं वाटलं, पण शब्द निघून गेले होते. “ते आम्ही बघू,” म्हणाल्या. काय बघितलं माहीत नाही. त्या मुलीला तिथं नोकरी लागली.

मग तूही तसंच का नाही केलंस? हाही प्रश्न नेहमीचा. सुचलं नव्हतं असं नाही. बराच काळ मी सांगत होते की तत्त्व म्हणून केलं नाही. ऐकणाऱ्यांनाही ते आवडायचं. पण खरं म्हणजे कुणीतरी मागून येऊन उभं राहील ही धास्ती होती. त्यात तत्त्व किती आणि धास्ती किती, हे मला आजही वेगळं करता येत नाही. तिनं कामाचं डोकं लावलं असंही म्हणता येईल. मला अजून तसं म्हणवत नाही.

त्यानंतर सीताबर्डीत जाऊन पॅड घेतलं. दुकानदार म्हणाला, “टॅलीसाठी का ताई?” हो म्हटलं, सोपं पडलं. बऱ्याच ऑफिसांत पेन ड्राइव्ह बंद असतो, पण कीबोर्ड आणि माउस चालतात. पॅड हाही कीबोर्डच.

त्या परीक्षेच्या आधीची मी याच्यावर हसली असती. तिचं म्हणणं, खुणा काय, मागचं-पुढचं वाचलं की अर्थ लागतो. मेक्सिकोतली माणसं चॅटवर देतात का रेघा? फारशी नाहीत. मी तरी व्हॉट्सॲपवर देते का? नाही देत, आणि माझ्या तिकडच्या मैत्रिणींचं काही अडत नाही. आपण मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचं काय करतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. मग एवढा राग कशाचा, असं ती विचारते, आणि माझ्याकडं धड उत्तर नसतं. मी म्हणते, माणूस समजून घेतो, मशीन घेत नाही. ती म्हणते, मग मशीननं तरी खुणांचा कुठं मान ठेवलाय? पासपोर्टच्या तळाला यंत्रानं वाचायच्या ज्या दोन ओळी असतात त्यांत एन्येला जागाच नाही, तिथं साधा एन लिहितात, नाहीतर एनपुढं दोन एक्स. तू ऑल्ट दाबून नीट टाइप केलेलं एन्ये दुसऱ्या सिस्टिमनं जुन्या पद्धतीनं उघडलं की त्याच्या जागी लाटेचा मोठा ‘आ’ आणि अधिक-उणेचं चिन्ह उमटतं. ते दुरुस्त करायलाही तुलाच बोलावतात. खरं आहे, बोलावतात. त्याचे पैसे वेगळे घेते मी.

मग मी स्पेनचा दाखला काढते. विकल्या जाणाऱ्या कीबोर्डवर एन्ये असलंच पाहिजे असा तिथं नियम होता. १९९१ मध्ये युरोपीय समुदायानं हरकत घेतली की हा व्यापारातला अडथळा आहे. स्पेननं १९९३ मध्ये युरोपीय संघाच्या मास्ट्रिख्ट करारातल्या सांस्कृतिक बाबींच्या तरतुदीचा आधार घेऊन नियम कायम ठेवला. एका अक्षरासाठी अख्खा देश भांडला! हे मी एकदा बाबांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. बाबांनी सिव्हिल लाइन्समध्ये कोर्टाबाहेर टाइपरायटरवर अर्ज टाइप करण्यात उमेद घालवली. काही मात्रांच्या कळा दाबल्या की कॅरेज पुढं सरकत नाही, हे डेड की प्रकरण मला त्यांच्याकडूनच आधी कळलं होतं. ते म्हणाले, “त्यायचा देश भांडला. तुह्यासाठी कोण भांडून राहिलं?” पुढं बोलणं झालं नाही, आईनं जेवायला बोलावलं.

तर ज्यांना महिन्याकाठी एखादं स्पॅनिश नाव लिहायचंय त्यांनी माझ्या नादी लागू नये. फोनवर दाबून धरा, स्वतःला पाठवा, चिकटवा. तुम्हाला कुणी लाल अक्षरांत मनाई केलेली नाही. रोज लिहायचं असेल आणि मशीन स्वतःचं असेल, तर इंटरनॅशनल लेआउट घ्या, मी वर कितीही कुरकुर केली असली तरी. माझं काम मात्र दुसऱ्यांच्या टेबलांवर चालतं, आणि सेटिंग बदलायची परवानगी मागत बसण्यापेक्षा एक वायर खोचणं मला जमतं. तेही सगळीकडं नाही. रामदासपेठेत एका क्लायंटकडं सगळे मॅक आहेत, तिथं हे आकडे चालतच नाहीत. ऑप्शन आणि इंग्रजी ‘ई’ या कळा दाबून सोडायच्या, मग स्वर मारायचा. एन्येसाठी ऑप्शन आणि एन, मग पुन्हा एन. सोपं आहे, मान्य. तिथंही पॅड पर्समध्येच असतं, आणि तिथली रिसेप्शनिस्टसुद्धा विचारतेच.