रॉकेलच्या माहेरी

आई सहा महिन्यांसाठी आली की पहिल्या महिन्यातच नायगारा आणि न्यूयॉर्क उरकतं. मग पुढे काय दाखवायचं, हा दर वेळचा प्रश्न. या वेळी तिला टायटसव्हिलला नेलं. पिट्सबर्गहून उत्तरेला गाडीने साधारण दोन तास, वाटेत सगळं जंगल.

"तिथे आहे काय?"

"तेलाची विहीर."

"एवढ्या लांब? घाणा तरी दाखव," म्हणून ती झोपली.

अमेरिकेतला तेलधंदा जिथून सुरू झाला, त्या विहिरीचं संग्रहालय ऑइल क्रीक नावाच्या ओढ्याच्या काठी आहे. २७ ऑगस्ट १८५९ रोजी इथे एडविन ड्रेक या माणसाच्या विहिरीला ६९.५ फुटांवर तेल लागलं. ड्रेक आधी रेल्वेत कंडक्टर होता. कर्नल तर तो कधीच नव्हता. गावात वजन पडावं म्हणून कंपनीवाले पत्रांवर 'कर्नल ड्रेक' लिहून पाठवायचे! विहीर खणायला त्याने बिली स्मिथ हा लोहार आणला, मिठाच्या विहिरी खणून हात बसलेला. पण इथली माती ओली, भोक पाडलं की ढासळायचं. शेवटी ड्रेकने बिडाचा पाइप ३२ फुटांवरच्या खडकापर्यंत ठोकून बसवला आणि त्याच्या आतून खणलं. या युक्तीचं पेटंट त्याने घेतलं नाही. पैसे गेले, तब्येत गेली आणि पुढे पेनसिल्व्हेनिया सरकारने वर्षाला १५०० डॉलर पेन्शन दिली तेव्हा कुठे घर चाललं.

विहिरीवरचं लाकडी घर आणि मनोरा आईने हात लावून बघितला. "हा तेव्हाचाच?" नाही. मूळचं बांधकाम तेल लागल्यावर दोन महिन्यांच्या आतच जळलं. १८६६ चा तो प्रसिद्ध फोटो, ज्यात ड्रेक उंच टोपी घालून उभा आहे, तोसुद्धा नंतर पुन्हा बांधलेल्या घरासमोरचा. आपण बघतो ती त्या फोटोवरून केलेली प्रतिकृती, म्हणजे नकलेची नक्कल. खरं काय, तर जागा. पण मला ते खटकलं नाही, कारण फोटोच इथला मोठा ठेवा आहे. जॉन मॅथर हा फोटोग्राफर या खोऱ्यात वर्षानुवर्षं फोटो काढायच्या काचेच्या प्लेटा घेऊन हिंडला. जून १८९२ मध्ये ओढ्याला पूर आला, पाण्यावर तेल पसरून पेटलं, गावात माणसं मेली आणि मॅथरच्या कितीतरी काचा त्यात गेल्या. तरीही हजारो वाचल्या.

एका फलकासमोर आई थबकली. या विहिरीमागच्या मूळ कंपनीचं नाव होतं पेनसिल्व्हेनिया रॉक ऑइल कंपनी. तिने ते दोनदा मोठ्याने वाचलं. "रॉक ऑइल... अगं, रॉकेल!" मला लहानपणापासून हा शब्द आपलाच वाटत आला, कापूर किंवा काडेपेटीसारखा. पुढे जाऊन अमेरिकेचं रॉकेल डब्यांमधून जहाजाने हिंदुस्थानात यायचंच, पण नावसुद्धा 'रॉक ऑइल'वरूनच, हे मी कधी मनात जोडलं नव्हतं. मग रेशनची रांग, कार्डावर लिटर मांडणारा दुकानदार, नरसाळं, सगळं निघालं. शेजारच्या अमेरिकन आजोबांना काही कळलं नाही, पण ते मान डोलावत राहिले.

दुपारी पिटहोलला गेलो. जानेवारी १८६५ मध्ये इथे तेल लागलं आणि सप्टेंबरपर्यंत पंधरा हजारांच्या आसपास वस्ती झाली. हॉटेलंच पन्नासच्या वर. याच गावातून सॅम्युएल व्हॅन सिकलने पाच-सव्वापाच मैलांची दोन इंची पाइपलाइन टाकली. पिंपं वाहणाऱ्या गाडीवाल्यांच्या पोटावर पाय आला, त्यांनी ती तोडायला सुरुवात केली आणि पाइपावर पहारे बसवावे लागले. मग विहिरी आटल्या, आगी लागल्या, लोक पांगले. १८७८ मध्ये अख्खं गाव ४ डॉलर ३७ सेंटला विकलं गेलं. नंतर नाव कमावलेल्या पत्रकार आयडा टार्बेल यांच्या वडिलांनी इथलं एक हॉटेल ६०० डॉलरला घेतलं आणि त्याच्या लाकडांतून टायटसव्हिलला घर बांधलं. ते घर आहे. पिटहोल नाही. टेकडीवर नुसतं गवत, आणि जिथे रस्ते होते तिथलं गवत तेवढं कापून ठेवतात. आई त्या 'रस्त्यां'च्या कडेकडेने चालत होती, मध्ये कुणाचं घर असेल म्हणून.

जुन्या नोंदी जपणं इथे नुसत्या हौसेचं नाही. राज्यात लाखो विहिरी खणल्या गेल्या, कित्येक तर झाडाचा ओंडका ठोकून 'बुजवल्या', आणि बहुतेकांचा पत्ता आज कुणाकडे नाही. काहींतून मिथेन वायू वर येतो. त्या शोधायला जुने नकाशे आणि जुने फोटोच बाहेर काढावे लागतात.

रात्री आईने साताऱ्याला मावशीला फोन लावला. "रॉकेलचं माहेर बघून आले गं."

पलीकडून मावशी म्हणाली, "तुझा स्टो आहे का अजून, की दिलास मोडीत?"

दर दिवाळीला तो भंगारात टाक म्हणून मीच तिच्या मागे लागते. आईने माझ्याकडे बघितलं.

"माळ्यावर आहे," ती म्हणाली. "पिनपण आहे."