एक दिवस की दहा दिवस

गेल्या हिवाळ्यात ओपीडीत एक मावशी आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) चार वर्षांपूर्वी त्यांच्या स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले होते आणि आता रोग डाव्या बाजूच्या कमरेच्या हाडात उतरला होता. खुर्चीवर बसताना त्या सगळा भार उजव्या अंगावर घेत होत्या, आणि डाव्या हाताने खुर्चीची कड इतकी घट्ट धरली होती की बोटांची पेरे पांढरी पडली होती. शून्य ते दहापैकी दुखणे किती, असे विचारल्यावर त्या "आठ" म्हणाल्या. रात्रीचे विचारले, तेव्हा त्यांनी नुसतीच मान हलवली. मुलाचा प्रश्न वेगळा होता. "साहेब, लाईट किती दिवस द्यावी लागंल?"

आमच्याकडे रेडिएशनला बहुतेक जण लाईट किंवा शेक म्हणतात, आणि किती दिवस हा प्रश्न प्रत्येक घरातून येतो. हाडात पसरलेल्या कर्करोगाच्या वेदनेसाठी दोन पद्धती सर्वाधिक वापरल्या जातात: एकाच दिवशी ८ ग्रे (ग्रे हे रेडिएशनचा डोस मोजण्याचे एकक), किंवा रोज ३ ग्रे याप्रमाणे दहा दिवसांत ३० ग्रे. अमेरिकेत स्तन आणि प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या ८९८ रुग्णांवर या दोन पद्धतींची थेट तुलना झाली आणि तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी वेदना कमी झालेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, म्हणजे सुमारे दोन तृतीयांश होते. उपचारादरम्यानचा त्रास एका दिवसाच्या गटात १० टक्के, तर दहा दिवसांच्या गटात १७ टक्के रुग्णांना झाला. फरक पडला तो पुन्हा रेडिएशन देण्याच्या गरजेत: एका दिवसाच्या गटात १८ टक्के, तर दहा दिवसांच्या गटात ९ टक्के.

हे आकडे विद्यार्थिदशेत वाचले तेव्हा मला पटले नव्हते, कारण गणित वेगळेच सांगते. गाठीच्या पेशींवर होणारा जैविक परिणाम मोजण्याच्या नेहमीच्या सूत्रात हे डोस घातले, तर एका दिवसाच्या ८ ग्रेचे मूल्य १४.४ येते आणि दहा दिवसांच्या ३० ग्रेचे ३९. एवढी तफावत असूनही वेदना सारखीच कमी होत असेल, तर वेदना केवळ गाठ आटल्यामुळे कमी होत नसली पाहिजे. हाड पोखरणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी आणि गाठीभोवती दाह निर्माण करणारी रसायने यांच्यावर तुलनेने लहान डोसचाही परिणाम होत असावा, असे आज मानले जाते. गाठ किती मारायची हा प्रश्न बाजूला ठेवून दुखणे कसे थांबवायचे हा प्रश्न आधी घ्यायला मला या एका उदाहरणाने शिकवले.

म्हणून सर्वांनाच एक दिवस द्यावा, असे मात्र मी म्हणणार नाही. मज्जारज्जूवर दाब येऊन पाय लुळे पडू लागले असतील, तर हिशोब बदलतो. अशा ६८६ रुग्णांच्या अभ्यासात, जो २०१९ साली प्रसिद्ध झाला, आठ आठवड्यांनी चालू शकणाऱ्यांचे प्रमाण एका दिवसाच्या गटात ६९.३ टक्के आणि पाच दिवसांच्या गटात ७२.७ टक्के होते. फरक लहान दिसतो, पण एक दिवस कमी पडत नाही हे आधी ठरवलेल्या निकषावर त्या अभ्यासाला सिद्ध करता आले नाही. मांडीचे हाड पोखरले जाऊन मोडण्याच्या बेतात असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे लागते, कारण रेडिएशनने हाड लगेच भरून येत नाही. त्यामुळे एमआरआय पाहण्याआधी मी रुग्णाला चालून दाखवायला सांगतो, पायांची ताकद तपासतो, लघवीवर ताबा आहे का ते विचारतो.

मावशींच्या बाबतीत यातले काहीच नव्हते. पण मुलाला एक दिवस पटेना. "जास्त दिवस दिली तर जास्त गुण येईल ना?" असे तो दोनदा म्हणाला, आणि त्यात काही चूक नव्हती, आईसाठी काही राहून जाऊ नये एवढीच त्याची धडपड होती. मी त्याला पुन्हा डोस लागण्याची शक्यता सांगितली, आणि तो तसाच एका दिवसात देता येतो हेही सांगितले. मग मावशींनीच विचारले, "दहा दिवस ऱ्हायचं कुठं?" घर दोनशे किलोमीटरवर होते आणि मुलाचा ऊसतोडीचा हंगाम सुरू होता.

मला त्या वेळी दुसरे एक रुग्ण आठवत होते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी त्यांना, केवळ तिथली पद्धत होती म्हणून, दहा दिवसांचा कोर्स लिहून दिला होता. सातव्या दिवसानंतर ते येऊ शकले नाहीत, आणि त्याच आठवड्यात गेले. त्यांच्या शेवटच्या पंधरवड्यातले सात दिवस आमच्या बाकावर नंबर लागण्याची वाट पाहण्यात गेले. त्यांना किती दिवस उरले असावेत याचा विचार मी करायला हवा होता, आणि तो मी केला नाही.

मावशींचे सीटी सिम्युलेशन, म्हणजे रेडिएशनची नेमकी जागा ठरवण्यासाठीचे स्कॅन, सकाळी झाले, कमरेवर शाईच्या तीन खुणा केल्या, दुपारपर्यंत फिजिसिस्टने प्लॅन तयार केला आणि चार वाजता त्या मशीनवर होत्या. पहिल्या एक-दोन दिवसांत दुखणे उलट वाढू शकते, हे मी मुलाला बजावून सांगितले आणि त्यासाठी पाच दिवसांचे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड लिहून दिले. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, तोवर मॉर्फिनची गोळी स्वतःहून बंद करायची नाही, हेही चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिले. त्या संध्याकाळच्या एसटीने दोघे गावी गेले.

महिन्याने फोन आला. दुखणे तीनवर आले होते आणि मावशी डाव्या कुशीवर झोपू लागल्या होत्या. पाच महिन्यांनी वेदना परतली, तेव्हा त्याच जागी पुन्हा ८ ग्रे दिले. या वेळी किती दिवस, हे मुलाने विचारले नाही. परतीच्या गाडीची वेळ तो आधीच पाहून आला होता.