तुम्ही विचारलंत म्हणून: ‘पण त्यात गोष्ट कुठे आहे?’

निम्मे आयुष्य तालमी आणि नाटकांचे प्रयोग पाहण्यात घालवलेल्या माणसाला बर्लेस्क आणि व्हॉदेव्हिलच्या धाटणीचे जुने अमेरिकन रेव्ह्यू कसे काय आवडतात, असे मला नेहमी विचारले जाते. (रेव्ह्यू म्हणजे गाणी, नाच आणि प्रहसने एकत्र गुंफलेला खेळ; व्हॉदेव्हिल म्हणजे सुट्या करमणुकीच्या प्रवेशांचा कार्यक्रम, आणि बर्लेस्क म्हणजे त्याचाच चावट, अंगप्रदर्शन करणारा भाऊबंद.) विचारणाऱ्याचा रोख बहुधा एकच असतो: ज्यात कथानक नाही, पात्रे नाहीत, नुसते शिळे चावट विनोद, बुटांच्या टापांनी ताल धरणारे टॅप नृत्य आणि पिसांचे पंखे मिरवणाऱ्या मुली आहेत, त्यात पाहण्यासारखे ते काय? चहा निवेपर्यंत देऊन होईल असे हे उत्तर नाही, म्हणून लिहूनच टाकतो.

उदाहरण ‘शुगर बेबीज’चे घेतो. ऑक्टोबर १९७९ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या या रेव्ह्यूचे १,२०८ प्रयोग झाले. त्याचा नायक मिकी रूनी तेव्हा साठीला टेकला होता. त्याचे आईवडील व्हॉदेव्हिल-बर्लेस्कच्या रंगमंचावरचेच, आणि तो स्वतः नीट चालू लागला न लागला तोच त्यांच्यासोबत प्रेक्षकांसमोर उभा राहिलेला. जोडीला पन्नाशी ओलांडलेली नर्तकी अ‍ॅन मिलर, जिच्या टॅपच्या वेगाला वयाचा पत्ताच नव्हता. मूळ कल्पना राल्फ अ‍ॅलन या नाट्यविषयाच्या प्राध्यापकाची, ज्याने जुनी बर्लेस्क प्रहसने वेड्यासारखी गोळा केली होती. हे काम सोपे नव्हते, कारण आपल्या तमाशातल्या बतावणीप्रमाणेच ही प्रहसने बव्हंशी तोंडोतोंडीच चालत आलेली. ती कुणा एकाच्या मालकीची नव्हती. जो नट करी तो त्यात आपली एखादी पुस्ती जोडी आणि पुढचा नट ती उचली.

गोष्ट नव्हती म्हणून रचना नव्हती, असे मात्र समजू नये. व्हॉदेव्हिलचा आठ-दहा कलाप्रकारांचा कार्यक्रम लावणे हे एक शास्त्रच होते. सुरुवातीला कसरतपटू किंवा शिकवलेली कुत्री, म्हणजे शब्दांवाचून चालणारे काही तरी ठेवत, कारण उशिरा येणारे लोक खुर्च्या शोधत असत आणि त्या गोंधळात कुणाचे बोलणे वाया जाऊ नये. सगळ्यांत मानाची जागा शेवटची नव्हे, तर शेवटून दुसरी. शेवटच्या प्रवेशाच्या वेळी लोक टोप्या-कोट उचलून बाहेर पडू लागलेले असत. मागे अवजड नेपथ्य बदलत असताना पुढे पडदा टाकून त्याच्यासमोरच्या अरुंद पट्टीत दोघे विनोदवीर उभे करत आणि पडद्यामागची आदळआपट ऐकू जाणार नाही इतके हसवण्याचे काम त्यांच्यावर सोपवत. दहा-बारा मिनिटांत आपले सगळे दाखवायचे आणि निघून जायचे. नाटकात नट कमी पडला तर त्याला कथानक सांभाळून घेते; इथे तो आडोसाच नाही. मला ओढ आहे ती या उघडेपणाची.

विनोद शिळे असतात, हे खरेच. ‘टॉप बनाना’ म्हणवला जाणारा मुख्य विनोदी नट आणि गंभीर चेहऱ्याने त्याला प्रश्न घालणारा जोडीदार, ही जोडगोळी म्हणजे बर्लेस्कचा कणा. अ‍ॅबट आणि कॉस्टेलो या अमेरिकन विनोदी जोडीचा बेसबॉल खेळाडूंच्या नावांचा प्रसिद्ध घोळ तिथूनच आला: पहिल्या बेसवर ‘हू’, दुसऱ्यावर ‘व्हॉट’, तिसऱ्यावर ‘आय डोन्ट नो’. ‘पहिल्यावर कोण आहे?’ या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे येते, हे एकदा कळले की विनोद संपायला हवा. तो संपत नाही, कारण नंतरची सारी गंमत श्वास कुठे घ्यायचा आणि कुठे थांबायचे यात असते. ठाऊक असलेली चीज आपण नव्या गळ्यातून ऐकायला जातोच की.

बायकांच्या देहाचे प्रदर्शन आणि त्यांच्यावरचे विनोद यांचे समर्थन मी करणार नाही. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांच्या राजवटीत १९३७ साली बर्लेस्क थिएटरांचे परवाने रोखले गेले, त्यात सोवळेपणा होता तसे थोडे तथ्यही होते. गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची टर उडवणे हाही त्या काळच्या रंगमंचाचाच भाग होता, आणि तो गेला ते उत्तम झाले. ‘शुगर बेबीज’ने दाखवलेले बर्लेस्क खऱ्यापेक्षा पुष्कळ धुतलेले, इस्त्री केलेले होते, हे मान्य करूनच मी त्याच्यावर प्रेम करतो.

काही वर्षांपूर्वी अमेरिकेत मुलीकडे गेलो असताना एका लहान गावातल्या हौशी मंडळींचा असाच रेव्ह्यू पाहिला. न्यायालयाचे जुने प्रहसन होते, न्यायाधीश साक्षीदारांच्या टाळक्यात हवा भरलेला फुगा हाणतो ते. अशा प्रहसनात शेवटचा शब्द सुटताक्षणी दिवे जावे लागतात. अंधार हाच त्याचा पूर्णविराम. त्या रात्री शब्द सुटला आणि दिवे गेलेच नाहीत. दोघे नट लख्ख उजेडात उभे. न्यायाधीश झालेल्या स्थूल गृहस्थांनी सावकाश वर पाहिले, टाचा उंचावल्या आणि वाढदिवसाची मेणबत्ती विझवावी तशी दिव्याकडे फुंकर घातली. त्याच क्षणी अंधार झाला. तेवढा हशा त्या संध्याकाळी दुसऱ्या कशालाच मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तिकीट काढले. शेवटचा शब्द सुटला, दिवे तसेच राहिले, आणि न्यायाधीशांनी टाचा उंचावल्या.