तीर्थनच्या पाण्यात माशी सोडायला शिकताना

माझे लहानपण कर्ली नदीच्या काठी गेले, त्यामुळे गरवणे मला नवे नव्हते. बांबूची काठी, तंगूस (नायलॉनची बारीक दोरी) आणि गरीला टोचलेले गांडूळ एवढ्या सामानावर आम्ही शिंगटी काढत असू. तेवढ्याच भरवशावर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन मित्रांसह मी हिमाचल प्रदेशातील तीर्थन नदीवर ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी गेलो आणि तिथे गेल्यावर लक्षात आले की कृत्रिम माशी, म्हणजे किड्यासारखी दिसेल अशी सजवलेली गरी, लावून मासा धरणे ही विद्या मुळापासून शिकावी लागणार आहे.

परवाना मत्स्यव्यवसाय विभागाकडून रीतसर घ्यावा लागतो. तो आम्हाला विनासायास मिळाला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात मासेमारी बंद असते, कारण त्याच थंडीत ब्राउन ट्राउट नदीच्या तळाच्या गोट्यांमध्ये अंडी घालतो. हा मासा मूळचा युरोपातला. 1909 मध्ये कुल्लू खोऱ्यातील महिली येथे त्याची पैदास सुरू झाली आणि पुढे तो या नद्यांमध्ये आपोआप वाढू लागला. बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब यांच्यासारख्या माणसांनी न्यायालयापर्यंत लढा दिला म्हणून तीर्थनवर जलविद्युत प्रकल्प झाले नाहीत. त्या पाण्यात गुडघाभर उभे राहताना या लढ्याची आठवण ठेवणे मला आवश्यक वाटते.

पहिला दिवस नदीत नव्हे, तर गवतावर गेला. आमच्या स्थानिक वाटाड्याने गरीऐवजी दोरीच्या टोकाला लोकरीचा तुकडा बांधला आणि नऊ फुटी काठी हातात दिली. गरवताना गांडुळाचे नि शिशाचे वजन दोरीला पुढे ओढून नेते. इथे माशी पिसाहून हलकी असते, त्यामुळे फेकायची ती जाड दोरी, आणि तिच्या वजनाबरोबर माशी जाते. काठी मागे आणून थांबायचे, दोरी पाठीमागे पूर्ण सरळ होऊ द्यायची आणि मगच पुढे सोडायची, एवढाच नियम आहे. पण माझ्या हाताला झटक्याची सवय असल्याने मी त्या क्षणभराच्या थांबण्यापाशीच अडत होतो. संध्याकाळपर्यंत खांदा भरून आला, तेव्हा कुठे दोरी सरळ पडू लागली.

दुसऱ्या दिवशी गुशैनी गावाच्या खालच्या बाजूला आम्ही पाण्यात उतरलो. दुपारी वरचे बर्फ वितळले की पाणी चढते आणि गढूळ होते, म्हणून सकाळचीच वेळ धरली होती. वाटाड्याने पाण्यातला एक दगड उचलून उलटा केला. त्याच्या खालच्या अंगाला बारीक खड्यांची, करंगळीच्या नखाएवढी नळी चिकटलेली होती आणि तिच्या तोंडातून कॅडिस या किड्याची अळी डोके बाहेर काढत होती. हेच ट्राउटचे रोजचे अन्न, म्हणून त्याने तिच्याच रंगाची, डोक्याशी पितळी मणी असलेली माशी बांधून दिली. तरीही दिवसभर एकाही माशाने तोंड लावले नाही.

कारण तिसऱ्या दिवशी सकाळी समजले. एका मोठ्या दगडामागच्या संथ पाण्यात ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून स्थिर उभा असलेला मला स्पष्ट दिसत होता. माझी माशी नेमकी त्याच्या वरच्या बाजूला पडे, पण माझ्या नि त्याच्यामध्ये वेगाची धार होती. त्या धारेवर पडलेली दोरी फुगून माशीला ओढू लागे आणि खरी अळी कधीच पोहत नाही अशी ती आडवी सरकत जाई. मासा जागचा हलत नसे. “भाईजी, धागा ऊपर की तरफ पलट दो,” वाटाडा म्हणाला. माशी पडताक्षणी काठीच्या टोकाने दोरीचा मधला भाग उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवायचा होता. बाराएक वेळा ते चुकले. मग एकदा माशी पाण्याच्याच चालीने वाहत आली, मासा लागल्याचे कळावे म्हणून दोरीवर बांधलेली खुणेची लोकर किंचित थबकली आणि मी काठी उचलली.

मासा वीतभर असेल. हात आधी पाण्यात ओले करून मी त्याला धरले, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग जडतो. पिवळट कुशीवर लाल ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडे होते. गरीचा काटा आम्ही आधीच चिमट्याने दाबून टाकला होता, त्यामुळे ती सहज सुटली. त्याचे तोंड प्रवाहाकडे करून मी ओंजळ सैल ठेवली. कल्ले चार-पाच वेळा उघडमिट झाले, शेपटी हलली आणि तो त्याच दगडाखाली गेला. थंडीने बोटे बधिर झाली होती. मित्राला माझ्या जागी उभे करून मी काठावर आलो आणि त्याची दोरी कुठे फुगते आहे ते त्याला सांगू लागलो.